प्रयाग चिखली ते नरसोबाची वाडी : पंचगंगेचा उन्हाळा

वाचकहो, नदीची प्रकृती पाहावयाची असेल तर ती श्रावणात पाहू नये. श्रावणात कोणतीही नदी धट्टीकट्टीच दिसते. तांबडे पाणी दोन्ही थडींना लागून धावत असते आणि काठावरच्या माणसांनी वर्षभर तिच्या पदरात टाकलेले सारे त्या लोंढ्याखाली झाकून जाते. तिची खरी नाडी हाती लागते ती वैशाखात, पात्र आटून गोटे उघडे पडतात तेव्हा. म्हणून सुचवितो की, या उन्हाळ्यात महालक्ष्मीच्या दर्शनास कोल्हापुरी जाल, तेव्हा एक दिवस अधिक हाताशी ठेवा आणि पंचगंगेच्या काठाने खाली नरसोबाच्या वाडीपर्यंत जा. वळणे धरली तर हा प्रवाह सुमारे 80 किलोमीटरांचा आहे. एसटीने, दुचाकीने, जमेल तेथे पायी, असा तो एका दिवसात उरकतो. पेढे आणि बासुंदी शेवटी आहेतच. पण वाटेत जे दिसेल ते आपल्या स्वयंपाकघरातील हंड्यापर्यंत येऊन पोहोचणारे आहे.

आरंभ कोल्हापूरच्या वायव्येस थोड्याच अंतरावरील प्रयाग चिखलीपासून करावा. कुंभी कासारीला मिळते, तुळशी भोगावतीला मिळते, आणि मग कासारी व भोगावती या दोघी येथे एकमेकींना भेटतात. पाचवी सरस्वती गुप्त आहे असे मानतात, आणि म्हणून ही पंचगंगा. पर्वकाळी लोक येथे स्नानाला येतात. उन्हाळ्यात या संगमावर जे पाणी दिसते त्यातील पुष्कळसे भोगावतीवरील राधानगरी धरणातून सोडलेले असते. राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या आरंभी या धरणाचे काम हाती घेतले. त्या धरणामुळे ही नदी आज बारमाही आहे. नाही तर सह्याद्रीच्या इतर अनेक नद्यांप्रमाणे तीही चैत्रात डबक्यांची माळ होऊन राहिली असती. संगमावर ओंजळ भरून पाणी पाहा. अगदी निवळशंख म्हणता येणार नाही, कारण वरही गावे आहेत, शेती आहे, कारखाने आहेत. तरी पाण्याला वास नसतो आणि तळाचा गोटा दिसू शकतो. हे पाणी डोळ्यांत साठवून ठेवा, पुढे तुलनेला लागेल.

नदीच्या आरोग्याविषयी एक गोष्ट येथेच समजून घेणे सोयीचे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा नदीचा श्वास होय. वैशाखातील कोमट पाण्यात तो दर लिटरला जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम मावतो. मासे, शिंपले, किडे आणि पाणी स्वच्छ ठेवणारे सूक्ष्म जीव या सर्वांचा निर्वाह त्यावरच. सेंद्रिय घाण पाण्यात पडली की तिला कुजविणारे जिवाणू हा प्राणवायू खाऊ लागतात. किती प्राणवायू खाल्ला जाईल, या मापाला शास्त्रज्ञ बीओडी म्हणतात. नदी स्नानायोग्य राहावयाची तर हे माप लिटरला 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि विरघळलेला प्राणवायू 5 मिलिग्रॅमपेक्षा कमी नसावा, असा आपल्या देशातील निकष आहे. आता हिशेब करा. घरगुती मैलापाण्याचा बीओडी साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम असतो. म्हणजे तुमच्या-आमच्या न्हाणीघरातून आणि शौचालयातून गेलेले एक लिटर पाणी नदीच्या सुमारे तीस लिटर पाण्यातील सगळाच्या सगळा प्राणवायू गिळू शकते. नदी वाहती असेल, दगडांवरून फेसाळत असेल, तर ती हवेतून पुन्हा श्वास घेते आणि काही मैलांत सावरते. ती वाहती असेल तर, हे मात्र ध्यानात ठेवावे.

कोल्हापूरचा पंचगंगा घाट देखणा आहे. दगडी पायऱ्या, नदीत उतरलेली लहान लहान देवळे, पलीकडे जुना शिवाजी पूल. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे येथे हजारो पणत्या लागतात तेव्हा या घाटासारखे दुसरे स्थळ दक्षिण महाराष्ट्रात क्वचित असेल. परंतु घाटावरून जरा खालच्या अंगाला चालत गेलात की शहराच्या मध्यातून आलेला जयंती नाला भेटतो. जुन्या कोल्हापुरांपैकी अनेकजण तिला आजही जयंती नदी म्हणतात, आणि ते बरोबर आहेत. कात्यायनीच्या डोंगराकडून उतरणारी, वाटेत गोमतीला घेणारी ती खरोखरच एक छोटी नदी होती. तिचा नाला झाला तो कोण्या एका कारखान्यामुळे नव्हे. दोन्ही काठांवर घरे वाढली, प्रत्येक घराने आपली मोरी तिच्याकडे वळविली, आणि दोन-तीन पिढ्यांत नदीचे नावही पालटले. आपल्या गावात अशी एखादी ‘नाला’ म्हणविणारी नदी आहे का, ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहावे. बहुधा सापडेल.

आज या नाल्याचे पाणी अडवून पंपाने कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेतात. ही व्यवस्था नसती तर स्थिती फारच वाईट झाली असती, हे निःसंशय. पण पंप विजेवर चालतो, आणि वळवाची एक जोरदार सर आली की नाला बांध ओलांडून थेट नदीत उतरतो. ज्या दिवशी आपण मृद्गंधाने सुखावतो, त्याच दिवशी महिनाभर गटारांत साचलेली घाण एकाच लोंढ्यात नदीला मिळते. काठच्या गावांत पहिल्या पावसानंतर जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात, त्यामागील एक कारण हे आहे.

पुढे कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा लागतो. येथे थोडे थांबावे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ ही या भूमीने साऱ्या महाराष्ट्राला दिलेली देणगी. नदीच्या आडवे दगडी खांब, खांबांना खाचा, आणि त्या खाचांत पावसाळा संपला की बरगे म्हणजे फळ्या बसवावयाच्या. पावसाळ्यापूर्वी काढून घ्यावयाच्या. साधी, स्वस्त आणि शहाणपणाची युक्ती. तिच्यावर कोल्हापूरचा ऊस उभा आहे. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी या बंधाऱ्यांची साखळी पंचगंगेवर आहे. ज्या काळी ही पद्धत निघाली त्या काळी नदीत मैलापाणी नगण्य होते, म्हणून अडविलेले पाणी हे निखळ धन होते. आज प्रत्येक बंधाऱ्यामागे पाण्याबरोबर घाणही अडते. पाणी उभे राहते, तापते, प्राणवायू संपतो. मग कुजण्याची जी क्रिया प्राणवायूवाचून चालते तिच्यातून सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि पाणी काळे पडते. त्यानंतर बरगे निघाले की हा काळा साठा एकदम खालच्या बंधाऱ्यात जातो. वरच्या गावाने सुटकेचा निःश्वास टाकावा आणि खालच्या गावाने नाकाला पदर लावावा, असे वर्षानुवर्षे चालले आहे. दोष बंधाऱ्याचा नाही. बांधणाऱ्यांनी पाणी अडविण्याची सोय केली. त्यात काय सोडावे हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

या टापूत हंगामात हवेला गुळाचा आणि मळीचा गोड-आंबूस वास असतो. गुऱ्हाळाचा वास मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. काकवीचे नाव काढले तरी तोंडाला पाणी सुटते. पण मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे तपकिरी सांडपाणी ही निराळी चीज आहे. त्याचा बीओडी लिटरला 40,000 मिलिग्रॅमच्याही पुढे जातो. मघाचाच हिशेब लावा : असे एक लिटर पाणी नदीच्या पाच हजार लिटर पाण्याचा श्वास कोंडू शकते. त्यामुळे ते नदीत एक थेंबही सोडू नये असा दंडक आहे. तरीही एखाद्या रात्री टाकी फुटते, नळी गळते, ओढ्याला मिळते, आणि सकाळी नदीवर मेलेल्या माशांचा खच पडतो. अशा वेळी अर्धमेले मासे पाण्यावर तोंड काढून तडफडत असतात व काठावर पकडणाऱ्यांची झुंबड उडते. कृपा करून असे मासे घरी आणू नका, कोणी स्वस्तात दिले तरी घेऊ नका. ते कशाने मेले हे त्या क्षणी कोणालाच ठाऊक नसते, आणि उन्हात सडू लागलेला मासा कसल्याही कालवणाने शुद्ध होत नाही.

आता इचलकरंजी. 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि घोरपडे जहागीरदारांच्या आश्रयाने हे खेडे वस्त्रनगरी झाले. गावात शिरताच मागांचा खडखडाट कानी पडतो. रात्रपाळीचा कामगार त्याच आवाजात झोपतो म्हणतात. कापड म्हणजे पाणी, हे आपल्याला सहसा सुचत नाही. सूत तुटू नये म्हणून सायझिंगमध्ये त्याला खळ चढवितात. कापड विणून झाले की प्रोसेसमध्ये तीच खळ धुऊन काढतात. मग ब्लीच, मग रंग, मग पुन्हा धुणे. धुऊन निघालेली खळ म्हणजे पिष्टच, म्हणजे जिवाणूंना मेजवानी. रंग म्हणजे नदीच्या तळाशी सूर्यप्रकाश जाऊ न देणारा पडदा. येथे सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे. तरी शहरातून नदीकडे जाणाऱ्या ओढ्याचे नाव लोकांनी काळा ओढा असे ठेवले आहे, आणि लोक ओढ्यांना उगीच नावे ठेवीत नाहीत.

2012 च्या उन्हाळ्यात या शहरात कावीळ आली. हजारो माणसे आजारी पडली, दवाखान्यांत जागा पुरेना, आणि अनेकांचे प्राण गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि पंचगंगेचे प्रदूषण हा त्यानंतर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरचा विषय राहिला नाही. ती साथ हेपॅटायटिस ई या विषाणूची होती. रोग्याच्या विष्ठेतून तो पाण्यात येतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. एवढाच त्याचा प्रवास. शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 2 ते 10 आठवडे जातात. म्हणून घराघरांतून डोळे पिवळे दिसू लागतात तेव्हा ज्या पाण्याने ते केले ते केव्हाच वाहून गेलेले असते. नमुना तपासला तर निर्दोष सापडतो, आणि मग ‘पाणी चांगलेच होते’ असे सांगणाऱ्यांची सोय होते.

याच रोगाची एक जुनी कथा आपण लक्षात ठेवावी. 1955 च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे मैलापाणी वजिराबाद येथे, जेथून शहरासाठी पाणी उपसत, तेथवर मागे सरकत गेले. पाणी खराब झाल्याचे लक्षात येऊन क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वराची साथ त्यामुळे आली नाही. पण काही आठवड्यांनी सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू निसटले. त्या रोग्यांचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी तपासले गेले. त्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांचा वाटा होता. ही कावीळ तेव्हा ज्ञात असलेल्या ‘ए’ किंवा ‘बी’ प्रकारची नव्हे, हे त्यातून ठरले. नाला आणि पाणीउपसा यांतील अंतर कमी झाले की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण वैद्यकाच्या ग्रंथांत क्वचित आढळेल.

पण नदी कितीही मैली असली तरी आपण ती थेट पीत नाही, जलशुद्धीकरण केंद्र मध्ये असते, असे तुम्ही म्हणाल. रास्त आहे. अडचण केंद्रानंतर सुरू होते. आपल्या बहुतेक शहरांत पाणी दिवसातून तास-दोन तास, कोठे दिवसाआड, कोठे त्याहूनही उशिरा येते. नळाला पाणी असते तेव्हा नळीत दाब असतो, तो गळतीतून पाणी बाहेर ढकलतो. पाणी बंद झाले की दाब जातो, नळी पोकळ होते, आणि शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी त्याच छिद्रातून आत ओढले जाते. लोक विजेचा पंप थेट नळाला लावतात तेव्हा ही ओढ आणखी वाढते. शुद्ध केलेले पाणी मग घराच्या उंबऱ्याशी येऊन अशुद्ध होते. म्हणून पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते पिण्याच्या भांड्यात घेऊ नये. धुण्याभांड्याला, झाडांना घालावे. पाण्याला वास, रंग किंवा गढूळपणा जाणवला तर त्याच दिवशी पालिकेत तक्रार करावी, आणि एकट्याने नव्हे, गल्लीतील चार घरांनी मिळून. गटारातून गेलेली आपल्या घराची जोडनळी गंजली असेल तर ती बदलण्याचा खर्च आपलाच आहे. तो टाळण्यासारखा नाही.

साथीच्या दिवसांत सर्वांत भरवशाचा उपाय आजही उकळणे हाच. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर ती पाच मिनिटे राहू द्यावी, आणि ते त्याच भांड्यात झाकून थंड करावे; उकळलेले पाणी न धुतलेल्या माठात ओतण्याने सगळे श्रम फुकट जातात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. ती पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. आरोग्यसेविका देतात ते क्लोरीनचे थेंब बाटलीवरील प्रमाणातच घालावेत आणि अर्धा तास थांबून मग पाणी प्यावे. गढूळ पाणी असेल तर आधी निवळून, गाळून घ्यावे, कारण क्लोरीन मातीतील सेंद्रिय द्रव्यावरच खर्ची पडतो. माठातून पाणी ओगराळ्याने काढावे. या गोष्टी आपल्या आज्ज्या करीत होत्याच.

घरात गर्भवती असेल तर मात्र अधिक दक्ष राहिले पाहिजे. हेपॅटायटिस ईची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते. परंतु गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाल्यास मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. अशा स्त्रीला लघवी गडद पिवळी होणे, अन्नाची शिसारी, डोळ्यांना पिवळेपणा यांपैकी काहीही दिसले तरी त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कावीळ ‘उतरविण्यासाठी’ माळ घालणे, नाकात रस पिळणे, हातावर डाग देणे असल्या प्रकारांत जे चार दिवस जातात, तेच कधी कधी निर्णायक असतात. कोणाही रोग्याला झोप अनावर होणे, बडबड, सतत उलटी, अंगावर काळेनिळे डाग ही यकृत थकल्याची खूण समजावी. तापावरच्या साध्या गोळ्यासुद्धा डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. आणि कावीळ झाली म्हणून उसाचा रस पाजण्याची आपल्याकडे फार हौस. तो रस हातगाड्यावरचा, त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे विचारणारा विरळा.

इचलकरंजीला पंचगंगेखेरीज कृष्णेचेही पाणी मिळते. त्यानेही भागेना, तेव्हा वारणेवरून नळ आणावा असे ठरले. वारणाकाठच्या गावांनी विरोध केला. मग दूधगंगेवरील सुळकूड येथून आणावे असे ठरले. तेथील शेतकरी उभे राहिले. कोल्हापूरने काळम्मावाडी धरणातून थेट नळ आणला आणि 2023 च्या दिवाळीत ते पाणी शहरात पोहोचले. नागरिकांना चांगले पाणी मिळाले याचा आनंद कोणाला होणार नाही? मलाही झाला. पण या साऱ्या हालचालींत एक गोष्ट मला अस्वस्थ करते. जोवर शहर स्वतःच्या नदीचे पाणी पीत असते, तोवर त्या नदीशी त्याचा स्वार्थ जोडलेला असतो. दूरच्या डोंगरातून नळ आला की तो धागा तुटतो. नदी मग केवळ सांडपाणी वाहून नेणारी वाट उरते. आणि खालची गावे? तेरवाड, शिरोळ, कुरुंदवाड यांच्यासाठी कोणी डोंगरातून नळ आणणार नाही. त्यांच्या विहिरींना पाझर याच नदीचा आहे. वारणाकाठचा किंवा दूधगंगेकाठचा शेतकरी ‘तुमची नदी तुम्ही नासली, आता आमच्याकडे का येता?’ असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न उद्धट वाटला तरी निरुत्तर करणारा आहे.

तेरवाडचा बंधारा पाहण्यास मन घट्ट करावे लागते. उन्हाळ्यात येथे पाणी दिसत नाही, केंदाळ दिसते. जलपर्णीला या भागात केंदाळ म्हणतात. जांभळ्या फुलांची ती हिरवी सतरंजी छायाचित्रात सुंदर दिसेल. प्रत्यक्षात ती सांगते की, पाण्यात नत्र आणि स्फुरद यांचा अतिरेक झालेला आहे. काही मैलापाण्यातून आले, काही साबणातून, आणि बरेचसे उसाच्या शेतातून. पाटाने पाणी सोडायचे आणि पोत्याने युरिया, म्हणजे निम्मा युरिया पाण्याबरोबर निघून जातो. शिरोळ तालुक्यातील कित्येक एकर जमीन अति पाण्याने खारावून पांढरी पडली, ही त्याच कथेची दुसरी बाजू. केंदाळाखाली उजेड नाही, वारा नाही. डास मात्र भरपूर. आणि शेतातून जे नायट्रेट विहिरीत उतरते, ते उकळल्याने जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक असलेल्या पाण्यात बाळाचे वरचे दूध कालवले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि ओठ-नखे निळसर पडू शकतात. सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध, या सल्ल्यामागे हेही एक कारण आहे. नदीकाठच्या शेतवस्तीवर राहणाऱ्यांनी विहिरीचे पाणी वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे जागेवर पाहतो. ते शेवटच्या घरच्या नळावर पाहण्याचा आग्रह धरावा, टाकीखालच्या नळावर नव्हे.

सायंकाळपर्यंत नरसोबाच्या वाडीला पोहोचाल. औदुंबर, घाट, पादुका, दुकानांतून कंदी पेढ्यांचे ढीग. नृसिंहसरस्वतींनी जेथे बारा वर्षे वास केला, ते हे स्थान. पावसाळ्यात कृष्णा चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा त्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक दूरदुरून येतात. तो दक्षिणद्वार सोहळा पाहण्याचे भाग्य असते यात शंका नाही. मात्र पुराच्या पाण्यात गुरांच्या, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोचे जंतू येतात आणि ते पायाच्या भेगेतून शिरतात. पायाला जखम असेल, मधुमेह असेल, तर तीर्थ डोळ्यांना लावून नमस्कार करावा. स्नान घरी येऊन चांगल्या पाण्याने करावे. तसे करून पुण्यात उणेपणा येतो असे कोणत्याही सत्पुरुषाने सांगितलेले नाही. नंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आणि पोटऱ्या विलक्षण दुखू लागल्यास डॉक्टरांना पुराच्या पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगावे.

2019 च्या महापुरात याच जिल्ह्यात, चहूकडे पाणीच पाणी असताना, कोल्हापूरकरांना टँकरपुढे रांगा लावाव्या लागल्या. उपशाचे पंपच बुडाले होते. घरात चार दिवस पुरेल इतके झाकलेले पिण्याचे पाणी आणि क्लोरीनची एक बाटली जूनपासून असू द्यावी, हा धडा तेव्हा अनेक कुटुंबे शिकली.

आणि आपण नदीला काय देतो? तळणीचे उरलेले तेल मोरीत, मुदत संपलेल्या गोळ्या शौचालयात, निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीसह पुलावरून. मैलाटाकी वर्षानुवर्षे उपसायची नाही आणि तिचा वरचा पाइप हळूच गटारात सोडायचा. ही तर आपल्या निम्म्या शहरांची राजमान्य पद्धत आहे. मोटार धुणारे आणि जनावरे धुणारे यांच्यावर बोट दाखविणे सोपे. मैलाटाकीचा पाइप जमिनीखाली असतो, म्हणून तो कोणाला दिसत नाही. तेल जुन्या कागदात टिपून कचऱ्यात टाकावे. धुण्याची पावडर निम्मी केली तरी कपडे तेवढेच स्वच्छ निघतात, हे आठवडाभर करून पाहावे. मैलाटाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी आणि गाडीवाल्याला तो मैला कोठे रिकामा करणार, हे विचारावे. प्रारंभी तो चमकेल. कोल्हापूरने या बाबतीत एक गोष्ट करून दाखविली आहे, ती सांगितलीच पाहिजे. गणेशोत्सवात विसर्जनाची मूर्ती नदीत न सोडता काठावर दान करण्याची आणि मोठ्या मूर्ती इराणी खणीत विसर्जित करण्याची रीत या शहराने वर्षानुवर्षे प्रयत्न करून रुजविली. आरंभी वाद झाले, धर्म बुडाल्याची ओरड झाली. आता घरातील मुलेच आजोबांचा हात धरून त्यांना काहिलीकडे नेतात.

दिवे लागण्यापूर्वी वाडीच्या संगमावर जा. पंचगंगा येथे कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात थोडा वेळ दोन पाणी शेजारी शेजारी चालतात आणि रंगावरून कोणते कोणाचे ते ओळखू येते. पुढे एक होतात. येथून थोड्याच अंतरावर राजापूरचा बंधारा आहे, कृष्णेवरचा महाराष्ट्रातील अखेरचा. त्याच्या खाली कर्नाटकातील गावे आहेत, आणि त्यांच्या पिण्याच्या पाण्याचे पंपही याच पात्रात उतरलेले आहेत.